श्रीनिवास रामानुजन : घराने सांभाळलेला गणिती



थोर माणसांची चरित्रे आपण वाचतो तेव्हा आपले लक्ष बहुधा त्यांच्या पराक्रमाकडे असते. ज्या घरात ती वाढली त्या घरातील चुलीकडे, धान्याच्या डब्याकडे, महिनाअखेरीच्या हिशेबाकडे आपण क्वचितच पाहतो. प्रस्तुत लेखात एका जगप्रसिद्ध गणितज्ञाचे जीवन आपणांपुढे ठेवताना मी आपणांस मुद्दाम त्याच्या घरात घेऊन जाणार आहे. त्याचे गणित समजण्यास मोठी विद्वत्ता लागते. त्याचे घर समजण्यास मात्र आपण स्वतः कोणत्या तरी घरात वाढलो आहोत एवढेच पुरेसे आहे.

तामिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यात कावेरीच्या काठी कुंभकोणम हे प्राचीन नगर वसले आहे. उंच गोपुरे, पितळेची भांडी आणि विड्याची पाने ह्यांसाठी ते दक्षिणेत प्रसिद्ध आहे. मराठी वाचकांना हे नाव अगदी परके वाटू नये. व्यंकोजीराजांनी तंजावरास भोसल्यांचे राज्य स्थापन केल्यानंतर अनेक मराठी कुटुंबे ह्या मुलखात स्थायिक झाली. त्रावणकोर, इंदूर व बडोदा ह्या संस्थानांचे दिवाण म्हणून नावाजलेले सर टी. माधवराव ह्यांचा जन्म १८२८ साली ह्याच गावी एका मराठी घराण्यात झाला. ह्या गावातील सरकारी महाविद्यालयाची कीर्ती तर इतकी, की त्याला दक्षिण हिंदुस्थानचे केंब्रिज असे म्हणत.

ह्याच गावी सारंगपाणी मंदिरासमोरच्या रस्त्यावर एका बैठ्या घरात श्रीनिवास अय्यंगार नावाचे गृहस्थ राहत असत. ते एका कापडदुकानात कारकून होते व त्यांचा पगार महिना सुमारे २० रुपये होता. सकाळी दुकानात जावे, दिवसभर हिशेब लिहावेत, रात्री परतावे, असा त्यांचा क्रम असे. त्यांची पत्नी कोमलताम्मळ करारी, बुद्धिमान आणि भाविक होती. जवळच्या मंदिरात ती भजने गाई व त्यातून तिला थोडे पैसे मिळत. त्यांचा थोरला मुलगा रामानुजन २२ डिसेंबर १८८७ रोजी आजोळी, ईरोड येथे जन्मला.

वाचकहो, त्या काळी मूल जन्माला येणे आणि मूल जगणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. रामानुजन दोन वर्षांचा असताना त्याला देवी आल्या. तो वाचला, चेहऱ्यावर व्रण मात्र कायमचे राहिले. त्याच्या पाठची तीन भावंडे तान्हेपणीच दगावली. पुढे १८९८ साली लक्ष्मीनरसिंहन व १९०५ साली तिरुनारायणन हे दोन भाऊ झाले व ते जगले. तीन मुले गमावलेल्या आईने ह्या थोरल्या मुलाला किती जपले असेल ह्याची कल्पना आपणांस सहज करता येईल.

घरात पैसा नव्हता, म्हणून कोमलताम्मळने आणखी एक मार्ग शोधला. सरकारी महाविद्यालयात शिकण्यास बाहेरगावाहून येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काहींना तिने घरात जेवूनखाऊन राहण्यास ठेवले. आधीच लहान असलेल्या घरात परक्या मुलांना जागा द्यायची म्हणजे घरच्यांनी आपली जागा आवरून घ्यायची, आणि बाईमाणसाने आणखी काही पाने वाढायची. ह्यातून घरात चार पैसे आले, आणि कुणी अपेक्षिले नव्हते असे आणखी काहीतरी आले. ह्या विद्यार्थ्यांकडे गणिताची पुस्तके होती. त्यांना जे गणित येत होते ते दहा-अकरा वर्षांच्या रामानुजनने थोड्याच काळात शिकून घेतले, आणि मग तो त्यांना असे प्रश्न विचारू लागला की ज्यांची उत्तरे त्यांच्यापाशी नव्हती. लोनी ह्यांचे त्रिकोणमितीवरील पाठ्यपुस्तक त्याने अशाच उसनवारीने मिळवून पचवले. आईने पोटापाण्यासाठी उघडलेल्या दारातून मुलाची विद्या घरात आली!

शाळेत त्याची प्रगती उत्तम होती. १८९७ साली प्राथमिक परीक्षेत तो जिल्ह्यात पहिला आला. टाऊन हायस्कूलमध्ये त्याने बक्षिसे मिळवली. १९०३ च्या सुमारास कार ह्यांचा गणिती सिद्धान्तांचा संग्रह त्याच्या हाती आला. त्यात हजारो सूत्रे होती, पण सिद्धता फारच थोड्या. त्या सिद्धता त्याने स्वतः शोधण्यास आरंभ केला आणि त्या दिवसापासून दुसरा विषय त्याला गोड लागेना. १९०४ साली तो शिष्यवृत्ती मिळवून सरकारी महाविद्यालयात दाखल झाला. परंतु इंग्रजीत नापास झाल्याने ती शिष्यवृत्ती गेली. महाविद्यालयाची फी देणे कापडदुकानातील कारकुनाच्या आवाक्यातले नव्हते. १९०५ च्या ऑगस्ट महिन्यात हा मुलगा घरी न सांगता विशाखापट्टणमच्या बाजूस निघून गेला. मुलगा हरवल्याचे निवेदन मद्रासच्या 'हिंदू' ह्या वृत्तपत्रात छापून आले. सुदैवाने तो सापडला व घरी परतला.

त्यानंतर मद्रासच्या पच्चय्यप्पा महाविद्यालयात त्याला घातले गेले. तेथेही १९०६ व १९०७ अशी दोन्ही वर्षे तो नापास झाला, कारण गणिताखेरीज शरीरशास्त्रासारख्या विषयांचा अभ्यास त्याच्याकडून होईना. आता पदवी नाही, नोकरी नाही, आणि वय वीस वर्षांचे. आपल्यापैकी ज्यांच्या घरी अशा वयाचा, परीक्षेत अपेशी ठरलेला व काही न मिळवणारा मुलगा असेल, त्यांना श्रीनिवास अय्यंगारांच्या घरातील ते दिवस वर्णन करून सांगण्याची गरज नाही. शेजारी काय विचारत असतील, नातलग काय सुचवत असतील, वडील रात्री गप्प का बसत असतील, हे आपण जाणतोच.

तरीही त्या घराने त्याला जेवू घातले, आणि हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. रामानुजन घराच्या ओट्यावर मांडीवर मोठी पाटी घेऊन बसत. कागद महाग, म्हणून सारे गणित पाटीवर चालायचे. फडक्याने पुसण्यात वेळ जातो म्हणून ते कोपराने पाटी पुसत, आणि निघालेले फलित तेवढे वहीत उतरवून ठेवत. पुढे तर लिहिलेल्या कागदावरच ते दुसऱ्या रंगाच्या शाईने पुन्हा लिहीत. जेवणासाठी उठले तर विचारांचा धागा तुटेल, म्हणून आई भात कालवून त्याचे घास त्यांच्या हातावर ठेवी. एका हातात घास आणि दुसऱ्या हातात लेखणी, असे त्या घरातील जेवण असे. त्या मुलाच्या पाटीवर काय लिहिले आहे ह्यातील एक अक्षरही आईला कळत नव्हते. न समजणाऱ्या कामासाठी तिने रोज घास कालवला.

१४ जुलै १९०९ रोजी रामानुजन ह्यांचा विवाह झाला. वधू जानकी राजेंद्रम ह्या खेडेगावची, वय वर्षे दहा. तेव्हाच्या रीतीप्रमाणे ती काही वर्षे माहेरीच राहिली. ह्याच सुमारास रामानुजन आजारी पडले. शस्त्रक्रिया करणे भाग होते आणि घरात पैसा नव्हता. शेवटी १९१० च्या जानेवारीत एका डॉक्टरने मोबदला न घेता ती केली. त्या काळातील आणखी एका आजारपणात राधाकृष्ण अय्यर ह्या मित्राने मद्रासमध्ये आपल्या घरी त्यांची शुश्रूषा केली. निरोप घेताना रामानुजन ह्यांनी आपल्या वह्या त्याच्या स्वाधीन केल्या, आणि आपण मरण पावलो तर त्या प्राध्यापक सिंगारवेलू मुदलियार अथवा मद्रास ख्रिस्ती महाविद्यालयाचे प्राध्यापक एडवर्ड रॉस ह्यांना द्याव्यात असे सांगितले. त्यांच्यापाशी मागे ठेवण्याजोगी तेवढीच मालमत्ता होती.

बरे झाल्यावर ते नोकरीच्या शोधात निघाले. हिंदी गणित संस्थेचे संस्थापक व्ही. रामस्वामी अय्यर ह्यांनी त्यांची पारख केली. ही संस्था १९०७ साली स्थापन झाली होती व तिचे ग्रंथालय पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते. तिच्याच नियतकालिकात रामानुजन ह्यांचे पहिले लेखन १९११ साली छापले गेले. नेल्लोरचे कलेक्टर आर. रामचंद्र राव ह्यांनी आपल्या पदरचे दरमहा २५ रुपये त्यांना देऊ केले. काही महिने ते घेतल्यानंतर मात्र दुसऱ्याच्या औदार्यावर जगणे रामानुजन ह्यांना सोसेना. १ मार्च १९१२ रोजी ते मद्रास बंदर न्यासात महिना ३० रुपयांवर कारकून झाले. आता आई व जानकी मद्रासला येऊन त्यांच्याजवळ राहू लागल्या. बापाप्रमाणेच मुलगाही कारकून झाला होता. पण ह्या कारकुनाचे वरिष्ठ नारायण अय्यर हे स्वतः गणिती होते, आणि ते रात्री त्याच्याबरोबर पाटी घेऊन बसत.

१६ जानेवारी १९१३ रोजी रामानुजन ह्यांनी केंब्रिजच्या जी. एच. हार्डी ह्यांना पत्र लिहिले व सोबत आपली सूत्रे पाठवली. हार्डी व त्यांचे सहकारी लिटलवुड ह्यांनी ती पाने पडताळून पाहिली, आणि हा मनुष्य असामान्य आहे असा निर्वाळा दिला. मद्रास विद्यापीठाने त्यांना महिना ७५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. पुढे केंब्रिजचे नेव्हिल मद्रासला आले व त्यांनी रामानुजन ह्यांना विलायतेस येण्याविषयी गळ घातली. सनातनी वैष्णव घराण्यात समुद्रपर्यटन निषिद्ध. आईची संमती मिळेपर्यंत रामानुजन हलले नाहीत. अखेर कुलदेवता नामगिरी हिने स्वप्नात आज्ञा दिल्याचे सांगून कोमलताम्मळने होकार दिला. तिला ह्या होकाराची किंमत बिरादरीत मोजावी लागणार होती हे उघड आहे.

आता एक छोटी गोष्ट पाहा. प्रस्थानापूर्वी शेंडी कापावी लागणार होती व विलायती पोशाख चढवावा लागणार होता. आपल्या आईने व पत्नीने आपणांस त्या रूपात पाहून दुःखी होऊ नये म्हणून रामानुजन ह्यांनी दोघींना आधीच कुंभकोणमला पाठवून दिले. १७ मार्च १९१४ रोजी 'नेवासा' ही बोट मद्रासहून निघाली, तेव्हा निरोप द्यायला घरचे ते चेहरे धक्क्यावर नव्हते.

दुसरी गोष्ट पैशांची. मद्रासहून त्यांना वर्षाला २५० पौंडांची शिष्यवृत्ती मंजूर झाली होती. त्यातील ५० पौंड दरसाल कुंभकोणमच्या घरी जावेत अशी व्यवस्था झाली. म्हणजे महिन्याला सुमारे ६० रुपये. वडिलांच्या पगाराच्या तिप्पट. ज्या घराने नापास मुलाला वर्षानुवर्षे पोसले होते, त्या घराचा वाटा सर्वांत आधी निघाला.

इंग्लंडात रामानुजन ह्यांना यश मिळाले. सुख मात्र मिळाले नाही. त्यांनी आपला शाकाहार सोडला नाही. ट्रिनिटी महाविद्यालयातील आपल्या खोलीत ते स्वतः स्वयंपाक करीत, तोही अवेळी. १९१४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले, मालाचा तुटवडा झाला, थंडी सोसेना. १९१७ साली ते गंभीर आजारी पडले व त्यानंतरचा बराच काळ त्यांनी रुग्णालयांत काढला. क्षय म्हणून त्यांच्यावर उपचार झाले. पुढे, १९९४ साली, त्यांच्या आजाराच्या नोंदींचा फेरविचार होऊन तो आमांशापासून उद्भवलेला यकृताचा विकार असावा असे मत मांडण्यात आले. १९१८ साली ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले व त्याच वर्षी ट्रिनिटीचेही.

आणि घरी काय चालले होते? येथे, वाचकहो, आपण जरा थांबले पाहिजे. घरातील प्रत्येक त्याग सारखा नसतो. काही त्याग माणूस आपण होऊन करतो; काही त्याच्याकडून करवून घेतले जातात. जानकी पंधरा वर्षांची असताना पती परदेशी गेला. पतीने तिला लिहिलेली पत्रे व तिने पतीला लिहिलेली पत्रे सासूने अडवून धरली, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. ज्या आईने हातावर घास ठेवला तिच्याच हाताने हेही घडले. ह्यात कोमलताम्मळला दोषी ठरवणे सोपे आहे. तीन मुले गमावलेल्या, आणि उरलेल्यांतला थोरला सातासमुद्रापार गेलेल्या आईच्या मनाची धास्ती आपण समजू शकतो. परंतु त्या धास्तीचे मोल एका मुलीने आपल्या तारुण्याने भरले, हेही दृष्टिआड करता येत नाही. जो कुटुंबासाठी स्वतः झिजतो त्यालाही कधीकधी वाटू लागते की दुसऱ्यानेही विचारणा न होता झिजावे. आपल्या घराघरांतून सून, धाकटी बहीण, अविवाहित आत्या ह्यांच्या वाट्याला असे न विचारता लादलेले किती त्याग आले असतील, ह्याचा हिशेब कोणी ठेवला आहे?

१९१९ च्या जानेवारीत रामानुजन ह्यांनी इंग्लंडातून मद्रास विद्यापीठाच्या निबंधकांना एक पत्र पाठवले. विद्यापीठाने त्यांना मायदेशी परतल्यावर पाच वर्षे दरसाल २५० पौंड देण्याचे ठरवले होते. त्यांनी कळवले, की ही रक्कम आपल्या गरजेहून पुष्कळ अधिक आहे. त्यातून ५० पौंड दरसाल आपल्या आईवडिलांना द्यावेत, आपला आवश्यक खर्च भागवावा, आणि उरलेले पैसे गरीब व अनाथ मुलांची फी आणि पुस्तके ह्यांसाठी वापरले जावेत. फी भरता न आल्याने ज्याचे शिक्षण खुंटले होते त्या मनुष्याने, मरणाच्या सावलीत असताना, ही विनंती केली होती हे ध्यानात घ्या.

२७ मार्च १९१९ रोजी 'नागोया' बोटीने ते मुंबईस उतरले. धक्क्यावर आई व भाऊ होते, जानकी नव्हती. कृश झालेल्या त्या मनुष्याने प्रथम तिचीच चौकशी केली. काही दिवसांनी ती मद्रासला आली, आणि तेथून शेवटपर्यंत शुश्रूषा तिने केली. मद्रास, कोडुमुडी, कुंभकोणम व पुन्हा मद्रास असा त्यांचा मुक्काम हलत राहिला. शेवटच्या महिन्यांतही ते अंथरुणावर पडून गणित करीत. जानकी त्यांना कागद देई, लिहून झालेले कागद गोळा करी व पेटीत ठेवी. छातीत व पायांत कळा येत तेव्हा ती गरम पाण्याने शेक देई. तू बरोबर आली असतीस तर मी आजारी पडलो नसतो, अशा अर्थाचे ते बोलत, असे ती पुढे सांगत असे. २६ एप्रिल १९२० रोजी मद्रासच्या चेटपट भागात त्यांचे निधन झाले. वय अवघे बत्तीस. जानकी एकवीस वर्षांची.

तिने गोळा केलेल्या त्या कागदांचे काय झाले? मद्रास विद्यापीठाने १९२३ साली रामानुजन ह्यांचे कागद हार्डींकडे पाठवले. त्यांतील शंभराहून अधिक पानांचा एक गठ्ठा पुढे विस्मृतीत गेला, आणि १९७६ साली जॉर्ज अँड्र्यूज ह्या अमेरिकन गणितज्ञाला तो ट्रिनिटीच्या ग्रंथालयात सापडला. रामानुजन ह्यांची हरवलेली वही म्हणून तो आज जगभर अभ्यासला जातो. आजाऱ्याच्या उशाशी बसून एक-एक कागद उचलून ठेवणाऱ्या त्या हातांचे गणितावर केवढे उपकार आहेत!

जानकीचे जीवन येथेच संपले नाही. ती काही वर्षे मुंबईत भावाच्या आश्रयाने राहिली व शिवणकाम शिकली. १९३१ च्या सुमारास ती मद्रासला परतली व ट्रिप्लिकेन भागात स्वतंत्र राहू लागली. विद्यापीठाकडून तिला महिना २० रुपये मिळत. म्हणजे जेवढ्यात पूर्वी श्रीनिवास अय्यंगारांचा संसार चाले, जवळपास तेवढेच. उरलेला खर्च ती शिवणयंत्रावर भागवी व आसपासच्या मुलींनाही शिवण शिकवी. १९५० साली तिची एक मैत्रीण वारली, तेव्हा तिच्या लहान मुलाला जानकीने आपल्या पदराखाली घेतले, वाढवले, शिकवले. ज्या स्त्रीला स्वतःचे मूल झाले नाही तिने टाक्या-टाक्याने मिळवलेल्या पैशांतून एका पोरक्या मुलाची शाळा चालवली. गरीब व अनाथ मुलांविषयी जी इच्छा पतीने दूरदेशाहून कळवली होती, ती पत्नीच्या हातून अशी एका घरापुरती पुरी झाली. १९९४ च्या एप्रिलमध्ये वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी ती वारली.

सारंगपाणी रस्त्यावरील ते घर २००३ साली शास्त्र विद्यापीठाने विकत घेतले व रामानुजन ह्यांचे स्मारक म्हणून जतन केले. रामानुजन ह्यांचा जन्मदिवस, २२ डिसेंबर, २०१२ सालापासून आपल्या देशात राष्ट्रीय गणित दिन म्हणून पाळला जातो. शाळांतून त्यांची तसबीर लावतात, सूत्रे सांगतात. ते योग्यच आहे.

परंतु वाचकहो, आपण त्या तसबिरीच्या मागे पाहावे एवढीच विनंती. त्याग हा शब्द मोठा आहे. घरातील माणसे तो स्वतःविषयी सहसा वापरत नाहीत. ती म्हणतात, मला भूक नव्हती. माझे लुगडे अजून चांगले आहे. मी कोपऱ्यात निजेन, पाहुण्याला तेथे निजू दे. अशा वाक्यांवर घरे उभी असतात. आपल्या घरात सध्या कोणी परीक्षेत अपेशी ठरलेला, नोकरी न मिळालेला, ओट्यावर बसून काहीतरी खरडणारा असेल, तर त्याच्या हातावर घास ठेवताना आपले मन कडू होऊ देऊ नका. तो रामानुजन नसेल, बहुधा नसणारच. कोमलताम्मळलाही आपला मुलगा जगप्रसिद्ध होईल हे ठाऊक नव्हते. तो आपला आहे, एवढेच तिला ठाऊक होते.

आणि ज्यांना आज चार पैसे मिळू लागले आहेत, त्यांनी पहिला वाटा कोणाचा काढायचा हे ठरवताना कुंभकोणमचे ते ५० पौंड आठवावेत. त्याचबरोबर, घरातील जे माणूस कधीच काही मागत नाही, त्याला एकदा जवळ बसवून, त्याला काय हवे आहे, हेही अवश्य विचारावे.